स्थानकाचे नाव आणि उतरणारा माणूस

लंडनच्या पूर्व भागात, थेम्सच्या काठाजवळ, ‘ईस्ट इंडिया’ नावाचे एक लहानसे स्थानक आहे. ‘डॉकलँड्स लाइट रेल्वे’ या चालकाविना धावणाऱ्या हलक्या रेल्वेचे हे स्थानक १९९४ साली सुरू झाले. ज्या गोदीवरून त्याला हे नाव मिळाले ती ईस्ट इंडिया गोदी १८०६ मध्ये उघडली आणि १९६७ मध्ये बंद झाली. एके काळी कंपनीच्या जहाजांतून पूर्वेकडचा माल तिथे उतरत असे. आज स्थानकाभोवती कार्यालयांच्या आणि घरांच्या इमारती आहेत आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या रस्त्यांना लवंग, जायफळ, केशर, धणे यांची इंग्रजी नावे दिलेली आहेत. गोदीत प्रत्यक्ष काय चालत असे याचे स्मरण नगररचनाकारांना झाले, ही चांगलीच गोष्ट. परंतु रस्त्यांना नाव मिळाले ते मालाचे. तो पाठीवरून वाहणाऱ्या हमालाचे, किंवा तो सांभाळून आणणाऱ्या खलाशाचे स्मरण त्या मसाल्याच्या नावांत कुठे सापडत नाही.

या खलाशांत आपली माणसेही होती. कोकणच्या किनाऱ्यावरून, गोव्यातून, बंगालमधून जहाजावर चढलेले किती तरी खलाशी लंडनच्या गोद्यांत उतरत आणि परतीचे जहाज मिळेपर्यंत तिथेच हाल काढीत. त्यांच्यासाठी १८५७ मध्ये वेस्ट इंडिया डॉक रोडवर एक आश्रयगृह उघडावे लागले होते. आज त्याच परिसरात याच हलक्या रेल्वेचे वेस्टफेरी हे स्थानक आहे.

डिंगोऱ्यात बसून लंडनच्या एका स्थानकाविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. डिंगोरे हे जुन्नर तालुक्यातले, माळशेज घाटाकडे जाणाऱ्या कल्याण-नगर रस्त्यावरचे गाव. आमच्या तालुक्यात आजही रेल्वेचे स्थानक नाही. तरीही मुंबईतल्या काही स्थानकांची नावे इथल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या उच्चारली गेली आहेत. इथल्या जुन्या बोलण्यात कामासाठी गेलेला माणूस नुसता ‘मुंबईला’ नसे. तो मशीदबंदरला असे, कॉटनग्रीनला असे, शिवडीला असे. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यातून गेलेल्या माणसांनी मुंबईत जेवणाचे डबे पोचवले, बाजारांत आणि गोदामांत ओझी उचलली, गिरण्यांत पाळ्या केल्या. त्यांच्या दृष्टीने स्थानकाचे नाव म्हणजे पत्ता होता आणि कामही होते. आता मुंबईच्या त्याच पूर्व किनाऱ्याचे रूप पालटण्याचे घाटत आहे. अशा वेळी त्या नावांचे पुढे काय होणार, हा प्रश्न नगररचनेचा जितका आहे तितकाच भाषेचा आणि साहित्याचाही आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

मुंबईच्या रेल्वेचा आरंभच मुळी बंदराच्या नावाने झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी ठाण्याला निघाली ती बोरीबंदराहून. पुढे तिथे व्हिक्टोरिया टर्मिनस उभे राहिले, त्याचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस झाले, तरी लोकांच्या तोंडी बोरीबंदर बराच काळ टिकून राहिले. १९१० मध्ये कुर्ल्याहून रे रोडपर्यंत आणि १९२५ मध्ये थेट व्हिक्टोरिया टर्मिनसपर्यंत जो मार्ग पोचला त्याचे नावच ‘हार्बर’. देशातली विजेवर धावणारी पहिली गाडीही ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच मार्गावर धावली. या मार्गावरची डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी ही स्थानके गोदीच्या पाठीला लागून आहेत. त्यांत कॉटन ग्रीनची कथा मोठी बोलकी आहे. हे नाव मूळचे कोटातल्या मोकळ्या मैदानाचे; तिथे कापसाच्या गासड्या रचल्या जात. कापसाचा व्यापार कोटातून कुलाब्याला आणि कुलाब्याहून शिवडीकडे सरकला आणि नावही त्याच्या मागोमाग चालत आले. आज स्थानकाच्या परिसरात ना ते हिरवे मैदान आहे, ना त्या गासड्या. नाव तेवढे शिल्लक आहे. तरीही कॉटन ग्रीनला माणसे उतरतात, कारण आसपास अजून राहती वस्ती आहे आणि काम आहे. म्हणून ते नाव पोकळ वाटत नाही.

आता बंदराकडे पाहू. मुंबई बंदराचा विश्वस्त मंडळाच्या रूपातला कारभार १८७३ मध्ये सुरू झाला. प्रिन्सेस गोदी १८८० मध्ये, व्हिक्टोरिया गोदी त्यानंतरच्या दशकात, आणि आज इंदिरा गोदी म्हणून ओळखली जाणारी अलेक्झांड्रा गोदी १९१४ मध्ये सुरू झाली. त्या गोदीच्या खोदाईतून निघालेल्या मातीवर आणि दगडांवर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. १९१५ मध्ये बंदराची स्वतःची रेल्वे आली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला तेव्हा गोदी आणि शहर यांच्यातले अंतर किती थोडे आहे हे साऱ्या मुंबईला कळले. पुढे आला तो कंटेनर. ज्या मालाला शेकडो माणसांचे हात लागत तो पेटीत बंद होऊन यंत्राने उचलला जाऊ लागला आणि १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाल्यावर हा व्यापार तिकडे वळला. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या आज बुजवलेल्या आहेत. लंडनच्या गोद्याही याच कारणाने ओस पडल्या होत्या. तिथे जहाजे आणि कंटेनर थेम्सच्या मुखाकडे टिलबरीला गेले. दोन्ही शहरांत काम सरले आणि जमीन उरली. आणि जमीन उरली की तिच्या किमतीची चर्चा सुरू होते.

लंडनने काय केले? १९८१ मध्ये गोदीच्या जमिनींसाठी एक स्वतंत्र विकास महामंडळ स्थापन करण्यात आले आणि नियोजनाचे अधिकार स्थानिक नगरपालिकांकडून काढून त्याच्याकडे देण्यात आले. त्या ओसाड जमिनीकडे भांडवल यावे म्हणून १९८७ मध्ये १५ स्थानकांची हलकी रेल्वे सुरू झाली. गंमत अशी की, आज जे स्थानक या साऱ्या पुनर्विकासाचे प्रतीक मानले जाते, ते कॅनरी व्हार्फ, तेव्हा उघडलेलेच नव्हते. ते १९९१ मध्ये उघडले. एरवी वस्ती आधी असते आणि स्थानक तिच्यासाठी येते. इथे स्थानक आधी आणि त्याला शोभेल अशी वस्ती मागाहून, असा उलटा क्रम होता. ‘कॅनरी’ हे नाव त्या धक्क्यावर कॅनरी बेटांतून येणाऱ्या फळांचे. फळे गेली, वखार गेली, वर बँकांचे मनोरे आले आणि नावाला एक सुखद, परदेशी नाद तेवढा उरला.

परंतु या रेल्वेची पुढची हकीकत सांगितली नाही तर तिच्यावर अन्याय होईल. १९९४ मध्ये ती बेक्टनला गेली, १९९९ मध्ये नदीखालून लुईशमला, २००९ मध्ये वुलिचला. ही काही बँकांची गावे नव्हेत. तिथे साधी, राबणारी माणसे राहतात. मनोऱ्यांसाठी काढलेली रेल्वे राहत्या वस्त्यांत शिरली आणि म्हणूनच ती शहराची झाली. माझ्या मते, डॉकलँड्सच्या अनुभवातून घेण्यासारखा धडा हा आहे. मसाल्यांच्या नावांनी त्या रेल्वेला काही दिले नाही. तिला जे मिळाले ते उतरणाऱ्या माणसांनी दिले.

या धड्याची दुसरी बाजू पाहायची तर मुंबईबाहेर जायला नको. आपल्याकडे लाइट रेल्वेच्या सर्वांत जवळ जाणारी वस्तू म्हणजे मोनोरेल. (जुन्या मुंबईची खरी हलकी रेल्वे म्हणजे ट्राम, ती ३१ मार्च १९६४ रोजी बंद पडली.) मोनोरेलचा चेंबूर ते वडाळा हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये आणि वडाळा ते संत गाडगे महाराज चौक हा दुसरा टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला. एकूण स्थानके १७. एका टोकाला तेलशुद्धीकरण आणि खतांचे कारखाने, मध्ये मिठागरांचा आणि बंदराच्या जमिनीचा शेजार, आणि दुसऱ्या टोकाला गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले लोअर परळ. म्हणजे श्रमिक मुंबईचा जवळजवळ सगळा इतिहास या गाडीच्या खिडकीतून दिसावा. स्थानकांची नावे तर आपल्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी उतरवून घ्यावीत अशी आहेत : आचार्य अत्रे नगर, आंबेडकर नगर, संत गाडगे महाराज चौक. एका ओळीत वक्तृत्व, विचार आणि कीर्तन! इतकी चांगली नावे जगातल्या फार थोड्या मार्गांच्या वाट्याला आली असतील.

आणि तरीही या मार्गाला अपेक्षित प्रवासी कधीच मिळाले नाहीत. कारणे अनेक असतील. एक कारण नावाच्या आणि जागेच्या नात्यातच आहे. ‘दादर पूर्व’ नावाचे मोनोरेलचे स्थानक घ्या. ज्या दादरला माणूस एक गाडी सोडून दुसरी पकडतो, ते रेल्वेचे दादर या स्थानकापासून चांगलेच दूर आहे. पाटीवर दादर वाचून उतरणारा माणूस फसतो आणि दुसऱ्यांदा उतरत नाही. शब्द आणि वस्तू यांची फारकत म्हणजे काय हे आपण वर्गात भाषाविज्ञानाच्या तासाला शिकवतो; इथे ती तिकीट काढून अनुभवता येत होती. ज्या गाडगेबाबांनी दमल्याभागल्या गरीब वाटसरूंसाठी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या, त्यांच्या नावाच्या स्थानकावर वाटसरूच कमी यावेत, यातला विरोधाभास वेगळा सांगायला नको.

मग १९ ऑगस्ट २०२५ चा दिवस आला. मुसळधार पावसाने हार्बर मार्ग कोलमडला आणि पर्याय म्हणून लोक मोनोरेलकडे वळले. म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क या स्थानकांच्या दरम्यान भार न पेलून गाडी अधांतरी थांबली आणि पाचशेहून अधिक प्रवाशांना अग्निशमन दलाच्या शिड्यांवरून खाली उतरवावे लागले. अकरा वर्षे जिची माणसे वाट पाहत नव्हती, तिच्याकडे एक दिवस माणसे आली आणि ती तिला पेलवली नाहीत. त्यानंतर २० सप्टेंबर २०२५ पासून नूतनीकरणासाठी ही सेवा थांबवण्यात आली. नवे डबे येतील, नवी यंत्रणा येईल. प्रश्न डब्यांचाच होता का, हे मात्र विचारले पाहिजे.

हे सारे आता सांगण्याचे निमित्त म्हणजे पूर्व किनारा. बंदराच्या जमिनीच्या पुनर्विकासाचा विचार करण्यासाठी २०१४ मध्ये राणी जाधव समिती नेमली गेली. पुढे बंदराच्या यंत्रणेलाच या जमिनीसाठी विशेष नियोजन प्राधिकरण करण्यात आले आणि २०१८ च्या अखेरीस सुमारे ९६६ हेक्टर क्षेत्राचा आराखडा मांडण्यात आला. जमिनीचा मालकच तिचा नियोजक, हा प्रकार लंडनच्या महामंडळाची आठवण करून देणारा आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून निघणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाल्यावर या पट्ट्याचे मोल आणखी वाढले. आज ना उद्या इथे हलक्या रेल्वेची, मेट्रोची, जलवाहतुकीची स्थानके येतील, यायलाही हवीत. बंद भिंतीआड राहिलेला समुद्र शहराला परत मिळणार असेल तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु हा पट्टा ओसाड आहे, असे जे गृहीत धरले जाते ते खरे नाही. रे रोडच्या दारूखान्यात जुनी जहाजे मोडणारी, लोखंड वेचणारी माणसे आहेत. शिवडीचा कोळीवाडा आहे. भाऊच्या धक्क्यावर पहाटे मासळी उतरते. बंदराच्या जमिनीवरच्या झोपडवस्त्यांत, चाळींत आणि जुन्या गाळ्यांत पिढ्या नांदल्या आहेत. नवी स्थानके या माणसांसाठी असतील की यांच्या जागी येणाऱ्यांसाठी?

इथे आपणा साहित्याच्या मंडळींची जबाबदारी सुरू होते, आणि काही अंशी दोषही. मुंबईच्या गिरणीने मराठी साहित्याला पुष्कळ दिले. नारायण सुर्वे यांची कविता, बाबुराव बागुलांची कथा, १९८२ च्या संपाने उद्ध्वस्त झालेल्या घराचे चित्र उभे करणारे जयंत पवारांचे ‘अधांतर’ ही नावे सहज आठवतात. गोदीचे तसे झाले नाही. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ मध्ये ‘मुंबईचे वर्णन’ लिहिले तेव्हा त्यांना बंदरे वगळून मुंबई सांगता आली नाही. त्यानंतर मात्र आपल्या गद्यात गोदी क्वचितच मध्यभागी आली. मुंबई बंदराची आपली सर्वांत आवडती कविता मर्ढेकरांची. माघातल्या एका सकाळचे ते चित्र अपूर्व आहे यात शंका नाही. पण तिच्यातले बंदर अजून साखरझोपेत आहे, दिवसाची धांदल सुरू व्हायची आहे. कवितेचा तो दोष नव्हे, तिचा तो क्षणच आहे. पण त्या क्षणानंतरचे, कामाला लागलेले बंदर लिहायचे राहून गेले, ही उणीव मात्र आपली.

आणि जिथे लिहिले गेले, त्या गिरणगावाच्या बाबतीतही अलीकडे एक वेगळीच गोष्ट घडते आहे. धुराडे, भोंगा, चाळीची गॅलरी हा आपल्याकडे हळहळीचा ठरावीक साठा झाला आहे. आपण त्या लेखनाचे वाचन करतो, हळहळतो, त्यावर चर्चासत्रे घेतो. उपाहारगृहाच्या भिंतीवर शोभेसाठी जुना माग टांगणारा विकासक आणि भोंग्याच्या आठवणीने व्याकूळ होणारा समीक्षक यांच्यात मग फारसे अंतर उरत नाही. दोघांनाही काम संपल्यानंतरच कामगार सुंदर दिसू लागतो. ‘जायफळ गल्ली’ हे नाव ठेवणाऱ्या लंडनच्या अधिकाऱ्याला हसण्यापूर्वी आपण स्वतःला हे विचारलेले बरे.

यावर कोणी म्हणेल, की शहरे बदलतातच. बंदरे गाळाने भरतात, व्यापार वाट बदलतो, त्यात शोक कसला? आक्षेप रास्त आहे, आणि जुन्नरच्या माणसाला तर तो नवा नाही. सातवाहनांच्या काळी आमच्या पठारावरचा माल नाणेघाटाने उतरून कल्याणला आणि सोपाऱ्याला जाई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखवला जातो. ते सोपारे बंदर केव्हाच संपले. आज त्या नावाने ओळखले जाते ते नालासोपाऱ्याचे उपनगरी स्थानक, जिथे रोज सकाळी गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. बंदर गेले, नाव उरले, आणि माणसेही आली. त्याबद्दल कोणी शोक करीत नाही.

पण त्या काळाने आणखी एक गोष्ट मागे ठेवली आहे. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत दाने देणाऱ्यांबरोबर श्रेणींचीही नावे आहेत : धान्याचा व्यापार करणाऱ्यांची श्रेणी, काशाची भांडी घडवणाऱ्यांची श्रेणी, बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी. जवळजवळ दोन हजार वर्षांनंतर आपल्याला त्या व्यापाराविषयी जे कळते ते केवळ राजांच्या नावांतून नव्हे, तर या कसबी लोकांच्या नावांतूनही. हे कोरले गेले कारण त्यांचे काम चालू होते, त्यांच्याकडे ठेवी ठेवल्या जात होत्या, व्यवहारात त्यांचा शब्द चालत होता. ती स्मारके नव्हती. ते जिवंत व्यवहाराचे दस्तऐवज होते. माथ्यावर ओझे वाहणाऱ्याला ‘माथाडी’ हा शब्द कायद्यात मिळायला १९६९ साल उजाडावे लागले. पूर्व किनाऱ्यावरच्या एखाद्या स्थानकाला उद्या ‘माथाडी’ किंवा ‘गोदी कामगार’ असे नाव मिळाले तर मला आनंदच होईल. पण त्या स्थानकावर उतरून घरी जाणारा एकही माथाडी आसपास राहिलेला नसेल, तर ते नाव शिलालेखाच्या जातीचे नसेल, मसाल्याच्या गल्लीच्या जातीचे असेल.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. पूर्व किनाऱ्याचा कोणताही आराखडा समोर आला की त्यातल्या उद्यानांची आणि मनोऱ्यांची चित्रे पाहण्याआधी स्थानकांचे ठिपके पाहावेत आणि प्रत्येक ठिपक्यापाशी विचारावे : इथे आज कोण राहते, आणि गाडी सुरू होईल त्या दिवशी इथे कोण उतरेल? दोन्ही उत्तरांत काही माणसे समान असतील तर ते स्थानक शहराचे. नसतील, तर त्याला कितीही मोठ्या संताचे नाव दिले तरी व्यर्थ. आणि आपण मराठीचे शिक्षक-विद्यार्थी आहोत, तर गोदीत काम केलेली, आता म्हातारी होऊन गावी परतलेली माणसे आमच्या भागात आणि सातारा-कोकणात अजून आहेत. वाराई, तोलाई, गासडी, फाळका या शब्दांमागचे काम ज्यांनी हातांनी केले, त्यांच्या तोंडून ते एम. ए.च्या प्रबंधासाठी का होईना, लिहून घ्यावे. पहिले स्थानक उभे राहण्याच्या आत हे झाले, तर निदान त्याच्या नावाची पाटी लिहिणाऱ्याला शब्दांसाठी मसाल्याचे डबे धुंडाळावे लागणार नाहीत.